कर्जतचा आकडा

कर्जत नावाची दोन गावं आहेत, हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. एक आमचं, रायगड जिल्ह्यातलं. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना घाट चढण्यासाठी इथे मागून इंजिन लावतात, आणि तेवढ्या वेळात प्रवासी खिडकीतून हात बाहेर काढून बटाटावडा घेतात. दुसरं कर्जत अहमदनगर जिल्ह्यातलं, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं. ते घाटावरचं, कोरडवाहू मुलखातलं. दोन्ही तालुक्याची गावं, आणि दोघांची फक्त नावाची ओळख.

माझी आणि त्या दुसऱ्या कर्जतची ओळख मात्र १९९१ साली झाली. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. मुंबईच्या एका मासिकाला कविता पाठवली आणि सोबत उत्तरासाठी माझ्या पत्त्याचं पाकीट जोडलं. कवीच्या ऐटीत पत्ता लिहिला, ‘मु. पो. कर्जत’. जिल्हा नाही, पिनकोड नाही. उत्तर आलं ते वीस-बावीस दिवसांनी, पाकिटावर दुसऱ्या कर्जतचा शिक्का घेऊन. आमचे पोस्टमन वयाने मोठे होते. पाकीट हातात देताना म्हणाले, “कविता नंतर लिही बाबा, आधी पिनकोड लिहायला शीक.” आत कविता साभार परत आलेली होती. तेव्हा पोस्टाला दोष देण्याची सोयही उरली नाही. चूक सर्वस्वी माझीच होती.

त्या दिवसापासून ४१०२०१ हा आकडा माझ्या डोक्यात पक्का बसला. पुढे कळलं की, हा आकडा देणारा माणूसही कवीच होता. श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्र सरकारच्या दळणवळण मंत्रालयात वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतमधले नामवंत कवी. त्यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड सुरू झाला. एकाच नावाची अनेक गावं, पत्ते लिहायच्या अनेक भाषा आणि अनेक लिप्या, त्यात वाईट अक्षर. या सगळ्यावर त्यांनी सहा आकड्यांचा उतारा काढला. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो. आपला ४, म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड. पहिले तीन आकडे मिळून टपाल-छाननीचा जिल्हा होतो आणि शेवटचे तीन थेट पोस्ट ऑफिस दाखवतात. कर्जत ४१०२०१, खालापूर ४१०२०२, खोपोली ४१०२०३. घाटावरच्या त्या कर्जतचा ४१४४०२. झालं, भांडण मिटलं! संस्कृतच्या कामाबद्दल वेलणकरांना १९९६ साली राष्ट्रपतींचा सन्मान मिळाला. पण त्यांची सर्वांत जास्त वाचली गेलेली रचना कोणती म्हणाल, तर पिनकोडच.

आज मला बोलायचं आहे ते आकड्याच्या किमतीबद्दल. आकडा हा पत्ता झाला की त्याला मोल येतं. पण ते मोल ठरवायचं कसं आणि ठरवतं कोण? हा प्रश्न माझ्या घरात आला तो इंटरनेटच्या वाटेने.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला आपा म्हणतो, खालापूर तालुक्यात दिलेली आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला आणि त्या तालुक्यातल्या जमिनींचे भाव बघता बघता कुठल्या कुठे गेले. २०१४ साली आपाच्या सासरची काही गुंठे जमीन विकली गेली. तिच्या वाट्याला जे आलं, त्यातले दीड लाखाच्या वर पैसे पुढच्या वर्षी तिच्या मुलाने मागून घेतले. भाचा संगणकातला. मला म्हणाला, “मामू, अम्मीचे पैसे मी जमिनीतच घालतोय. फक्त ही जमीन इंटरनेटवरची आहे.”

ती जमीन म्हणजे आकडी डोमेन नावं. संकेतस्थळाच्या पत्त्यात अक्षरांऐवजी नुसते आकडे, आणि त्यापुढे डॉट कॉम.

यातली गंमत बघा. इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला मुळात आकड्यांचाच पत्ता असतो. ते लांबलचक आकडे माणसाच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून १९८३ साली पॉल मोकापेट्रिस या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने नावांची व्यवस्था बसवली. म्हणजे नावं आली तीच मुळी आकडे टाळण्यासाठी! सुरुवातीच्या नियमाप्रमाणे नावाचं पहिलं चिन्ह अक्षरच असावं लागे. १९८९ साली तो नियम सैल झाला आणि आकड्याने सुरू होणाऱ्या नावांना अधिकृत वाट मिळाली. पुढे तिथूनच नुसत्या आकड्यांची नावं आत आली. पुढच्या दाराने घालवलेला पाहुणा असा मागच्या दाराने परत आला. १९९५पर्यंत डॉट कॉम नाव घ्यायला पैसेही पडत नसत. मग वर्षाला ५० डॉलर फी लागू झाली आणि नावांचा बाजार भरायला लागला.

आकडी नावांचा खरा बाजार भरला तो मात्र चीनमध्ये. कारण सोपं आहे. रोमन अक्षरांत नाव लिहिणं तिथल्या सामान्य माणसाला अवघड, आकडे मात्र साऱ्या जगाचे सारखे. १९९७ साली डिंग लेई या तरुणाने नेटईज ही कंपनी काढली. तिचं संकेतस्थळ १६३ डॉट कॉम. हाच आकडा का? तर त्या काळी तिथे टेलिफोनवरून इंटरनेट जोडायला १६३ हा नंबर फिरवावा लागे. लोकांच्या बोटांना जे आधीच पाठ होतं, तेच नाव झालं. चिनी रेल्वेचं तिकिटाचं संकेतस्थळ आहे १२३०६, तोच रेल्वेच्या चौकशीचा फोन. आपण रेल्वेच्या चौकशीला १३९ फिरवतो, तसंच.

दुसरं कारण मला कवी म्हणून फार आवडतं. चिनी भाषेत आकड्यांचे उच्चार इतर शब्दांशी यमक जुळवतात. आठचा उच्चार भरभराटीच्या शब्दाजवळ जातो. चारचा उच्चार मृत्यूच्या शब्दासारखा, फक्त सूर वेगळा. ५२० भरभर म्हटलं की ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ असं ऐकू येतं. ५१ म्हटलं की ‘मला हवं’. तिथे एक म्हण आहे, तिचा भावार्थ असा की, तीन सत्ते एकवीस होवोत की न होवोत, आपण पुढे जायचं. त्या म्हणीवरून झोऊ होंगयी याने १९९८ साली ३७२१ नावाची कंपनी काढली. ती २००३ साली याहूने १२ कोटी डॉलरला घ्यायचं ठरवलं.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. आमच्याकडे ७८६ आहे. अरबी वर्णमालेत अलिफला एक, बेला दोन, जीमला तीन असं प्रत्येक अक्षराला मोल दिलेलं असतं. त्या हिशेबाने बिस्मिल्लाहच्या पूर्ण वाक्याची बेरीज ७८६ येते. काही उलेमांना हा आकडा वापरणं मान्य नाही, पण रिक्षापासून नोटेपर्यंत तो शोधणारे पुष्कळ. याच रीतीने फारसी-उर्दू कवी एखादी मशीद बांधली गेली किंवा कुणी थोर माणूस गेला की अशी ओळ रचत, जिच्या अक्षरांची बेरीज केली की साल निघावं. त्याला ‘तारीख काढणं’ म्हणत. संस्कृतातही अशी सोय होतीच. चंद्र म्हणजे एक, नेत्र म्हणजे दोन, वेद म्हणजे चार, बाण म्हणजे पाच, आणि वाचायचं उजवीकडून डावीकडे. शिलालेखांमधली कित्येक सालं अशी शब्दांत दडलेली आहेत. आकड्याचा शब्द आणि शब्दाचा आकडा करणं हा आपल्याकडचा जुना उद्योग आहे.

आणि व्यवहारात तर आपण आकड्यांनीच बोलतो. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा एकत्र आले, त्याचा ‘सातबारा’ झाला. आता तो शब्द इतका घरचा आहे की, त्यात दोन आकडे आहेत हेही कुणाच्या लक्षात येत नाही. फसवणुकीचं कलम ४२० गेलं. १ जुलै २०२४पासून नव्या न्यायसंहितेत ते ३१८ झालं. पण माणूस अजून ‘चारसोबीस’च आहे. कुणी कुणाला ‘तीनशे अठरा’ म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

तर भाच्याने मला आकडी नावाची किंमत काढायची रीत समजावली. पहिलं माप लांबीचं. दोन आकडी डॉट कॉम नावं जगात शंभरच असू शकतात. तीन आकडी हजार, चार आकडी दहा हजार, पाच आकडी लाख, सहा आकडी दहा लाख. जितकं आखूड, तितकं दुर्मिळ. दुसरं माप स्मरणाचं. एकच आकडा पुन्हा पुन्हा येतो का, जोड्या जुळतात का, ओळीने चढतो का. तिसरं माप कानाचं, म्हणजे चिनी कानाचं. आठ असला की भाव चढा, चार असला की पडला. शून्यही व्यापाऱ्यांना नकोसं. शून्य आणि चार वगळले की सहा आकडी दहा लाख नावांपैकी २,६२,१४४ उरतात. तीच ‘अव्वल’ नावं. चौथं माप शेपटीचं. डॉट कॉमला जो भाव, तो इतर शेपट्यांना नाही. आणि पाचवं, तशाच नावाला अलीकडे किती रक्कम आली ते पाहायचं.

मी म्हटलं, “मग आपल्या कर्जतचा आकडा घे की! ४१०२०१.”

तो हसला. “मामू, त्यात चार आहे आणि दोन शून्यं आहेत. त्या बाजारात त्याला कुणी विचारणार नाही.”

मला ते लागलं, हे कबूल करतो. वेलणकरांनी महाराष्ट्राला चार दिला, म्हणजे त्या बाजारात आमच्या अख्ख्या राज्याचे पत्ते अपशकुनी! मुंबई ४०० ने सुरू होते, तिथे तर एकाला एक लागून दोन शून्यं. ज्या आकड्यामुळे माझी पत्रं घरी येतात, तो कवडीमोल, आणि ज्या आकड्यावर कुणीच राहत नाही तो अव्वल. पण भाचा खोटं बोलत नव्हता. बाजाराचा नियमच तो होता.

आता तो काळ बघा. २०१५च्या उन्हाळ्यात शांघायचा शेअरबाजार कोसळला. तिथला पैसा दुसरं घर शोधत होता. डोमेन नावं चटकन विकता येतात, देशाबाहेर नेता येतात. त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत आकडी नावांवर उड्या पडल्या. त्याच वर्षाच्या सुरुवातीला चीनच्या छीहू ३६० या कंपनीने ३६० डॉट कॉम हे नाव व्होडाफोनकडून सुमारे १ कोटी ७० लाख डॉलरला घेतल्याची बातमी आली होती. आपल्या हिशेबात शंभर कोटींच्या वर. गंमत म्हणजे ही कंपनी त्याच झोऊची, ३७२१वाल्याची. ही बातमी भाच्याने मला तीनदा वाचून दाखवली.

त्याने साठेक सहा आकडी नावं हजार-दीड हजाराच्या भावाने घेतली, आणि तीन पाच आकडी नावं पंचवीस-पंचवीस हजारांना. रोज सकाळी संगणकावर तो त्यांचा अंदाज बघायचा. किंमत सांगणारी यंत्रं इंटरनेटवर फुकट मिळतात. नाव टाका, आकडा येतो. दोन महिने तो आकडा चढत राहिला. कागदावर आपाचे पैसे दुप्पट झाले. विकू का, असं त्याने एकदा विचारलं. मी म्हटलं, मला काय कळतं त्यातलं? आज वाटतं, ‘विक’ म्हणायला हवं होतं.

२०१६ उजाडलं आणि घेणारे हळूहळू दिसेनासे झाले. भाव उतरले. यंत्र अजूनही अंदाज सांगत होतं, पण त्या अंदाजाला नाव घेणारा माणूस मिळेना. आणि इथे जमिनीत आणि नावात एक मोठा फरक आहे, तो नीट लक्षात घ्या. सातबारा तुमच्या नावावर असला की दरवर्षी तो नव्याने विकत घ्यावा लागत नाही. डोमेन नावाची मालकी नसते, तो भाडेपट्टा असतो. ठरलेली फी मुदतीत भरली नाही, तर नाव गेलं. साठ नावांची फी म्हणजे दरवर्षी चाळीसेक हजार. पडलेल्या भावात ती भरायची कशी? भाच्याने एकेक नाव सोडून दिलं, जसं दुष्काळात शेतकरी एकेक जनावर सोडतो. तीन पाच आकडी नावं निम्म्याहून कमी भावात गेली.

त्याला मी रागावलो नाही. मुंबईत आकड्यांचा हा ताप जुना आहे. एके काळी न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातून तारेने येणाऱ्या दरांच्या आकड्यांवर इथे पैसा लागे. ते बंद पडलं तेव्हा साठच्या दशकात मडक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या आणि त्याचा ‘मटका’ झाला. मटक्याचा आकडा स्वप्नातून काढत आणि आमच्या भाच्याचा आकडा यंत्रातून निघाला. पण दोन्ही सारखेच होते, असं मी म्हणणार नाही. मटक्याच्या आकड्यामागे काहीच नसतं. डोमेनच्या आकड्यामागे काही असू शकतं, आणि तेच बघायला तो विसरला.

३६०चंच उदाहरण घ्या. त्यात शून्य आहे. व्यापाऱ्यांच्या नियमाने तो दुय्यम ठरायला हवा. पण तोच शंभर कोटींना गेला, कारण त्या नावाची एक कंपनी आधीच उभी होती, तिची माणसं होती, तिचं गिऱ्हाईक होतं, आणि तिला तो आकडा हवाच होता. १६३ला मोल आलं कारण लोक तो नंबर रोज फिरवत होते. आपल्याकडेही २०२४ साली राज्य सरकारने मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी चारचाकीच्या ०००१ या क्रमांकाची फी ६ लाख रुपये केली. तिथे अंदाज करायला यंत्र लागत नाही. रांगेत उभा असलेला माणूस दिसतो.

कायद्यानेही हे आधीच ओळखलं होतं. मुंबई उच्च न्यायालयात १९९९ साली रेडिफचा खटला गाजला. ‘रेडिफ’शी मिळतंजुळतं ‘रॅडिफ’ असं डोमेन नाव दुसऱ्या कुणी घेतलं होतं. न्यायालयाने रेडिफच्या बाजूने निकाल देताना म्हटलं की, डोमेन नाव हा नुसता पत्ता नव्हे, त्याहून अधिक काही आहे, आणि त्याला व्यापारचिन्हासारखं संरक्षण मिळायला हवं. ते ‘अधिक काही’ म्हणजे लोकांच्या मनातली ओळख. ती सर्वांत महाग, आणि ती लांबी मोजून, चार आणि आठ तपासून येत नाही.

म्हणून कुणी तुम्हाला आकडी नाव विकायला आलं, तर पाच मापं जरूर लावा. पण सहावा प्रश्न आधी विचारा. या आकड्याने आज कुणी कुणाला शोधतं आहे का? किंवा उद्या शोधण्याची गरज असलेला एखादा तरी माणूस, एखादा तरी धंदा नजरेसमोर आहे का? उत्तर ‘नाही’ असेल, तर तुम्ही आकडा घेत नाही, दुसऱ्या घेणाऱ्याची आशा विकत घेता. ती आशा कधी फळते, नाही असं नाही. पण तिची फी दरवर्षी भरावी लागते.

जमिनीचंही तेच आहे. १८३५च्या सुमाराला गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यातून नवी मोजणी सुरू केली. ती पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली आणि आपल्या शेतांना सर्व्हे नंबर मिळाले. खालापूरच्या एखाद्या सर्व्हे नंबरला शंभर-दीडशे वर्षं जो भाव नव्हता, तो रस्ता आल्यावर आला. नंबर तोच, माती तीच. येणारी माणसं बदलली. सरकारी रेडी रेकनर एक दर सांगतो, खरेदीखतात दुसरा येतो. कारण अंदाज कागदावर होतो आणि किंमत समोरच्या माणसाच्या गरजेवर ठरते.

भाच्याने पुढे नोकरी धरली आणि चार वर्षांत आपाचे पैसे थोडे थोडे करून परत केले. शेवटचा हप्ता द्यायला तो मला सोबत घेऊन गेला. एकट्याने जायचं धाडस झालं नसावं. आपाने पैसे मोजले नाहीत, कपाटात ठेवून दिले. मग चहा ठेवताना ती मला म्हणाली, “त्याला सांग, मला त्याच्या आकड्यांतलं काही कळलं नव्हतं, पण तो रोज सकाळी उठून बघायचा ना, तसं मीही एक आकडा रोज बघते.”

मी विचारलं, कुठला?

तिने विकलेल्या जमिनीचा सर्व्हे नंबर सांगितला, पोटहिश्श्यासकट. लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्यांनी तिला तो पाठ करायला लावला होता, कारण घरात लिहिता-वाचता येणारी ती पहिली सून. वसुलीचा कागद आला की तीच वाचून दाखवायची. आता तिथे कुणा मुंबईकराचा बंगला आहे आणि फाटकाला कुलूप असतं. दळण आणायला जाताना त्या कुंपणावरून तिची वाट जाते. “नंबर आठवतो,” ती म्हणाली, “मग बांधावरचा आंबा आठवतो.”

भाचा काही बोलला नाही. खिशातला मोबाईल काढून त्याने तो नंबर टिपून घेतला.